डाव्याच्या डोक्यावरून, उजव्याच्या पायाखालून

पालघरला निघायचा हुकूम दुपारी सव्वातीनला आला. साडेपाचला आमच्या गाड्या पुण्याच्या छावणीतून बाहेर पडल्या. चार ट्रक, दोन जिप्सी, पाच बोटी, पाच इंजिनं आणि एकतीस माणसं. मला रेजिमेंटमध्ये येऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

आमची इंजिनियर रेजिमेंट. फौजेत पूल बांधणं, रस्ता उघडणं, सुरुंग काढणं हे आमचं काम. कुठं पूर आला की बोटी घेऊन जायचं तेही आमच्याकडेच येतं. मी सॅपर होतो, म्हणजे सगळ्यात खालचा. गाव हिंगोलीकडे. आमच्या गावच्या ओढ्याला वर्षातले आठ महिने पाणी नसतं. दहावीला मला भरतीसाठी लागतात त्यापेक्षा एकच टक्का जास्त पडला होता. पुढं शाळा नाही, कॉलेज नाही. हे रेजिमेंटमध्ये कसं कळलं देवाला ठाऊक, पण पहिल्या आठवड्यापासून माझं नाव ‘एकटक्का’ पडलं.

नाव ठेवलं हवालदार मारुती ढेरंगे यांनी. ते जुन्नरकडचे. बोटी आणि इंजिनं त्यांच्या ताब्यात. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात, तसे ते आमचे उस्ताद. उंची बेताची, मिशी बारीक, आणि खिशात कायम एक पक्कड. जेवायला बसतानाही ती पक्कड ताटाशेजारी असायची. कोणी हसलं तर म्हणायचे, “तू चमचा ठेवतोस ना? मग?”

मी घाबरट होतो. हे आता सांगायला लाज वाटत नाही. रात्री ट्रंकेचं कुलूप दोनदा ओढून बघायचो, मग झोपायचो, मग उठून तिसऱ्यांदा. बाकीचे हसायचे. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी मला आपल्या तुकडीत मागून घेतलं. कंपनी हवालदार मेजर म्हणाले, “ढेरंगे, त्याला घेऊन काय करणार? हात लावायच्या आधीच कापतो.” उस्ताद म्हणाले, “इंजिनावर मला संशयी माणूसच लागतो.”

बोटीच्या इंजिनाला आम्ही ओबीएम म्हणतो. ते बोटीच्या आत नसतं, मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं असतं. अडकवायला दोन मोठे स्क्रू, बोटीच्या आतल्या बाजूला, शेजारी शेजारी. प्रत्येकाला आडवी मूठ, नळाच्या जुन्या चावीसारखी. मूठ फिरवली की स्क्रू फळीला घट्ट दाबतो. सगळं इंजिन त्या दोन स्क्रूंवर. आणि इंजिन म्हणजे सतत थरथर. तासभर चाललं की कितीही आवळलेला स्क्रू केसभर सैल होतो. मग आणखी केसभर.

यावर उस्तादांचं एक लेक्चर होतं. ते दर नव्या बॅचला देत. “नट वाईट नसतो,” असं ते सुरू करायचे. “त्याला सारखं हलवलं की तो घरी जायला निघतो. तुमच्यासारखाच. मग त्याला थांबवायचं कसं? आवळून? आवळून कोणी थांबतं का? त्याला सोबत द्यायची.” मग एकेक दाखवायचे. नटाखाली स्प्रिंग वॉशर, तो त्याला मागून रेटून धरतो. नटावर दुसरा नट, त्याला चेकनट म्हणतात. नटातून आरपार स्प्लिट पिन, तिचे दोन्ही पाय वाकवायचे. आणि शेवटी तार. दोन स्क्रूंच्या मुठींना भोकं असतात. एका मुठीतून दुसऱ्या मुठीत तार घालायची, पिळायची, अशी की एक सुटायला लागला तर तार ओढली जाऊन त्याला दुसऱ्यानं धरून ठेवावं.

“ह्याच्या डोक्यावरून,” उस्ताद बोट दाखवून म्हणायचे, “आणि त्याच्या पायाखालून.”

छावणीत एक लाकडी घोडा होता, त्याच्या फळीला इंजिन अडकवलेलं. उस्ताद पुढं मोड्यावर, म्हणजे बुटक्या स्टुलावर बसत, स्क्रूंच्या बाजूला. बाकीची पोरं त्यांच्या खांद्याशी गर्दी करत. मी पलीकडे उभा राहायचो, इंजिनाच्या पाणी कापणाऱ्या पंख्याच्या बाजूला. फळीवरून वाकलं की मुठी दिसायच्या, उस्तादांचे हात दिसायचे. मी ते नीट बघितलं, पाठ केलं. माझी तार सगळ्यात सुबक यायची. पीळ एकसारखे, टोक आत वळवलेलं. उस्ताद दुरून बघून म्हणायचे, “एकटक्क्याची तार सोनारासारखी.”

पालघरला आम्हाला एका शाळेत उतरवलं. पाऊस चार दिवस लागून होता. वरून धरणाचं पाणी सोडलं होतं, खालून भरती. खाडीकाठचे पाडे मधे सापडले होते. कॅप्टन साहेबांनी नकाशा फळ्यावर लावला. आमच्या तुकडीकडे खाडीपलीकडचा एक पाडा आला. घरं बावीस. तिथल्या शाळेच्या माळ्यावर आणि एका वाडीतल्या पक्क्या घराच्या गच्चीवर माणसं बसलेली. रस्ता पाण्याखाली. बोटीनं साधारण पावणेदोन किलोमीटर.

खाडीत कुठं गाळ आहे, कुठं खडक, हे नकाशात नसतं. म्हणून तहसीलच्या माणसानं एक वाटाड्या आणून दिला. सातपाटीचे जयराम तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. वय साठीच्या आसपास, अंगात बनियन आणि वर प्लास्टिकचा कोट. सगळे त्यांना नाना म्हणत, आम्हीही म्हणायला लागलो. नानांनी येताना खांद्यावर स्वतःचा नांगर आणला होता, चार काट्यांचा, गंजलेला, आणि निळ्या नायलॉनच्या दोराचं भलं मोठं वेटोळं.

आमचा लान्स नाईक यादव म्हणाला, “नाना, हमारे पास ॲंकर है.”

“तुमचा बगितला मी,” नाना म्हणाले. “तो पेपर उडू नये म्हनून ठेवायला बरा हाय.”

उस्ताद पहिल्यांदा मोठ्यानं हसले. दोघांचं तिथंच जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच चाळीसला आम्ही खाडीकाठी होतो. पाऊस थांबला होता, आभाळ खाली आलेलं. बोट पाण्यात घातली, इंजिन फळीला बसवलं. उस्तादांनी स्क्रू स्वतः आवळले. तेवढ्यात कॅप्टन साहेबांनी हाक मारली.

उस्ताद म्हणाले, “एकटक्का, तार.”

“जी, उस्ताद.”

एवढंच. मी बोटीत गुडघ्यावर बसलो आणि तार घातली. छावणीत बघितली होती तशी, अगदी तशीच. पाच मिनिटांनी उस्ताद परत आले, पाण्यात उभं राहूनच इंजिनामागून वाकून बघितलं, तारेवर नख मारलं. तार टणक वाजली. “चल,” म्हणाले. इंजिनाला बोटीशी बांधणारा सेफ्टीचा दोर त्यांनी स्वतः अडकवला.

बोटीत आम्ही चौघं. उस्ताद मागं इंजिनावर, यादव मधे वायरलेस घेऊन, मी पुढं वल्हं घेऊन, आणि नाना माझ्याशेजारी, हातानं दिशा दाखवत. पहिली फेरी सात दहाला संपली. आठ माणसं आणली. दुसरी साडेआठला, तिसरी नऊ पन्नासला. सगळी कामं ठरल्यासारखी होत होती. काठावर जिल्हा परिषदेच्या बाई यादी करत होत्या. कोणीतरी चहा दिला. नाना मला म्हणाले, “तू समुद्र बगितलायस का कदी?”

“नाही नाना.”

“मग हे संपल्यावर ये सातपाटीला. हे खाडीचं पानी बगून समुद्राला नावं ठेवशील नायतर.”

चौथ्या फेरीला वाडीतल्या घराच्या गच्चीवरून नऊ जण घेतले. एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर टोपली, टोपलीत दोन कोंबड्या. बोटीत कोंबड्या नाहीत, असं यादव म्हणाला. म्हातारी म्हणाली, “मग मी पन नाय.” उस्ताद म्हणाले, “यादव, कोंबडियों को सिव्हिलियन में गिनो.” तिचा मुलगा, सून, दोन नातवंडं. बाकीची चार माणसं शेजारच्या घरातली, त्यातला एक गृहस्थ एका पायानं अधू.

अकरा वाजून दहा मिनिटांनी निघालो. तोवर भरती उलटली होती. ओहोटीचं पाणी आणि धरणाचं पाणी दोन्ही एकाच दिशेनं, खाडीच्या तोंडाकडे धावत होतं. खाली अर्ध्या किलोमीटरवर पुलाचे खांब. खांबांना झाडं, पत्रे, कुंपणाच्या तारा अडकून भिंत झालेली. नाना म्हणाले, “खांबाकडं नको जायला. वरच्या अंगानं घ्या.” उस्तादांनी बोट वर चढवली आणि इंजिन पूर्ण वेगात सोडलं.

अकरा वीसला मी मागून एक आवाज ऐकला. इंजिनाचा आवाज एकदम चढला, भांड्यात किंचाळल्यासारखा. वळून बघितलं. इंजिन फळीवरून एका बाजूनं उचललं होतं, पंखा पाण्याबाहेर. उस्तादांनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. ते त्यांच्या हातांतून उसळलं आणि मागं पाण्यात गेलं. सेफ्टीच्या दोराला झटका बसला. इंजिन बंद. एवढी शांतता झाली की कोंबडीचा आवाज ऐकू आला.

बोट आडवी झाली आणि खाली निघाली. पुलाकडे.

“वल्ही,” उस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता. “कोणी उठायचं नाही. बसून राहा.”

यादव वायरलेसवर होता. “अल्फा फॉर ब्राव्हो. इंजिन आउट. नऊ सिव्हिलियन ऑन बोर्ड. ड्रिफ्टिंग टू ब्रिज. ओव्हर.”

“ब्राव्हो, रॉजर. चार्ली बोट मूव्हिंग टू यू. पंधरा मिनिट. ओव्हर.”

पंधरा मिनिटं आमच्याकडे नव्हती. पुलाला चार लागली असती. मी वल्हं मारत होतो, बोट ऐकत नव्हती. आमचा नांगर यादवनं टाकला. तो गाळावरून घसरत आला, कशालाच धरेना.

नाना उठले. उस्तादांनी त्यांना अडवलं नाही. नानांनी नांगर एकदा, दोनदा फिरवला आणि सोडला, पाण्यात नाही, काठाकडे, जिथं तिवराची झाडं अर्धी बुडाली होती. तो फांद्यांतून निसटला. नानांनी हातावर हात घेत दोर ओढला. मला म्हणाले, “दोर धर. मी सांगेन तवाच ताण दे.” पुन्हा फिरवला, पुन्हा सोडला. या वेळी तो मुळांत गेला.

“दे.”

मी आणि यादवनं दोर धरला. तळव्यांची कातडी गेली. नानांनी दोराचे दोन वेढे बोटीच्या पुढच्या कडीला मारले, मग हळूहळू सोडत, हळूहळू धरत बोट थांबवली. एकदम थांबवली असती तर कडी उपटली असती. बोट दोरावर फिरली आणि तिवरांत शिरली. पूल पुढं दिसत होता. त्याच्या खांबांशी पाणी चढून फेसत होतं.

म्हातारी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “तुजा हात किती कापतोय रं. कोंबडी धर जरा, ऊब येल.” तिनं खरंच एक कोंबडी माझ्या मांडीवर ठेवली. मी ती धरून बसलो.

उस्ताद आणि यादवनं इंजिन दोरानं वर ओढून घेतलं. उस्तादांनी स्क्रूंकडे बघितलं. मीही बघितलं. तार शाबूत होती. कुठंच तुटली नव्हती, पीळ सुटला नव्हता. फक्त सैल पडली होती, आणि दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा आटा सुटले होते.

नानाही वाकून बघत होते. म्हणाले, “तार धड आनि स्क्रू सुटलेला. हे उलटं बांदलंय कोनीतरी. आमी दोरी बांदतो इंजिनाला, ती अशी नाय, अशी.” त्यांनी हवेत बोटानं तिरकी रेघ काढली.

“नाना,” उस्ताद म्हणाले, “आत्ता नको.”

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं नाही. कोंबडीकडे बघितलं आणि म्हणाले, “नीट धर तिला.” चार्ली बोट अकरा अडतीसला आली आणि आम्हाला ओढून काठावर घेऊन गेली. नऊही माणसं उतरली. दोन कोंबड्या.

संध्याकाळी साडेसहाला कॅप्टन साहेबांनी शाळेच्या वऱ्हांड्यात चौकशी घेतली. दिवसभर माझ्या डोक्यात एकच होतं. मला परत पाठवणार. घरी काय सांगायचं? बापानं गावात पेढे वाटले होते. मी ठरवलं होतं, विचारलं तर सांगायचं. मग ठरवलं, विचारलं तरच सांगायचं. उस्ताद पुढं झाले. “साहब, सिखाने में गलती हुई. जिम्मेदारी मेरी.”

ते वाक्य ऐकलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. “साहब, तार मैंने बाँधी थी.”

कॅप्टन साहेब माझ्याकडे बघत राहिले. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. म्हणाले, “किसने बाँधी, ये मैंने पूछा नहीं। क्यों खुली, ये पूछा है।”

मी शिकवल्याप्रमाणेच बांधली होती. उस्तादांनी वर्गातल्या बाकाच्या फळीला इंजिन लावायला सांगितलं. स्क्रू आवळले. मला नवी तार दिली. “बांध. सकाळी बांधलीस तशी.”

मी समोर बसलो आणि बांधली. उजव्या मुठीच्या डोक्यावरून निघालो, डाव्या मुठीच्या पायाखाली गेलो. पीळ दिला. टोक आत वळवलं. उस्तादांनी उजवी मूठ एका बोटानं सुटायच्या दिशेला ढकलली. ती फिरली. तार आणखी सैल पडली. तार तिला थांबवत नव्हती, वाट करून देत होती.

“हे तुला कोणी दाखवलं?” उस्तादांचा आवाज प्रथमच बदलला.

“तुम्हीच, उस्ताद.”

त्यांनी मूठ सोडली. मग म्हणाले, “छावणीत मी दाखवत होतो तेव्हा तू कुठं उभा होतास?”

मी उठलो आणि फळीच्या पलीकडे गेलो, पंख्याच्या बाजूला. “इथं.”

उस्ताद माझ्याजवळ आले. माझ्या शेजारी उभे राहिले आणि फळीवरून वाकले. तिथून दिसणारं पुढच्यापेक्षा उलटं होतं. पुढून डावी असलेली मूठ तिथून उजवीकडे दिसत होती. वरचं वर, खालचं खाली, फक्त डावं-उजवं बदललेलं. मी जे बघितलं ते बरोबर बघितलं होतं. बांधायला मात्र पुढं बसलो होतो.

“साहब, यहाँ से देखिए,” उस्ताद म्हणाले.

कॅप्टन साहेब खुर्चीवरून उठले, आले, वाकले. तिघंही आम्ही त्या बाकामागं वाकून उभे होतो. यादव दारातून बघत होता, त्याला हसू आवरेना.

“तू पुढं का नव्हतास?” उस्तादांनी विचारलं.

“पुढं जागा नव्हती.”

“खरं सांग.”

“पुढं उभं राहिलं की तुम्ही प्रश्न विचारता.”

साहेब खोकले. उस्तादांनी खिशातून पक्कड काढली, माझी तार कापली आणि मोड्यावर बसले. इथं मोडा म्हणजे शाळेतल्या पहिलीच्या पोरांचं स्टूल. शेजारचं दुसरं स्टूल पायानं सरकवलं.

“समोर नको, मागं नको. शेजारी बस.”

मी बसलो.

“मी ‘ह्याच्या-त्याच्या’ म्हणत होतो,” ते म्हणाले. “अकरा वर्षं असंच शिकवतोय. माझा ‘हा’ म्हणजे तुझा ‘तो’, हे कधी डोक्यात आलं नाही. आता नीट ऐक. बोटीत बसायचं, तोंड इंजिनाकडे. डाव्याच्या डोक्यावरून, उजव्याच्या पायाखालून. म्हण.”

“डाव्याच्या डोक्यावरून, उजव्याच्या पायाखालून.”

“मूठ सोडवून दाखव.”

मी दोन्ही मुठी ढकलून बघितल्या. एक हलायला गेली की तार ताणायची आणि दुसरी तिला धरायची. दोन्हीपैकी कोणीच घरी जाईना.

चौकशीच्या कागदावर साहेबांनी काय लिहिलं मला माहीत नाही. मला परत पाठवलं नाही, एवढं खरं. पालघरला आम्ही आणखी सहा दिवस होतो. रोज सकाळी तार मीच बांधली. उस्ताद रोज शेजारी बसायचे आणि प्रश्न विचारायचे. सहा दिवसांत एकही स्क्रू हलला नाही. सातव्या दिवशी नानांनी आम्हा सगळ्यांना सातपाटीला नेलं. मी समुद्र बघितला. नानांच्या घरी सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्ली, पाच की सहा, मोजल्या नाहीत. नानांनी उस्तादांना आपल्या बोटीचं इंजिन दाखवलं. त्यांचे नट निळ्या दोरीनं जोडीजोडीनं बांधलेले होते, आणि प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडावर लाल रंगाची एक रेघ ओढलेली.

“ही कशाला?” उस्तादांनी विचारलं.

“रेग तुटली की नट हालला. बगायला चश्मा नको, पाना नको. माजी सून पन सांगते, बाबा, रेग तुटली.”

पुण्याला गेल्यावर आठवड्याभरात आमच्या सगळ्या इंजिनांवर लाल रेघा आल्या. कोणी विचारलं की उस्ताद सांगायचे, “सातपाटीचं ट्रेनिंग आहे.”

त्यानंतर दोन वर्षं मी उस्तादांबरोबर होतो. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्हाला पूर्वेकडच्या डोंगरांत पाठवलं. दरड पडून रस्ता बंद झाला होता, पलीकडे एक पूर्ण बटालियन अडकली होती. आम्ही डोझर लावून सात दिवस माती काढत होतो. आठव्या दिवशी दुपारी डोझरच्या ब्लेडची एक पिन निघून पडल्याचं उस्तादांना दिसलं. ड्रायव्हर म्हणाला, खिळा वाकवून घालतो, दोन तासांचं तर काम राहिलंय. उस्ताद म्हणाले, “खिळा चालणार नाही.” मला म्हणाले, “स्टोअरमधून स्प्लिट पिन आण. दोन आण. एक हरवते.”

स्टोअर तीनशे मीटर मागं होतं. मी पिना घेतल्या आणि बाहेर आलो. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. वरचा उतार सुटला. आवाज फार मोठा नव्हता. मी पोचलो तेव्हा डोझर अर्धा मातीत होता. ड्रायव्हर कॅबमध्ये होता, तो जिवंत निघाला. उस्ताद खाली ब्लेडजवळ बसले होते, पिनेचं भोक साफ करत. त्यांना आम्ही चार पन्नासला बाहेर काढलं. हातात पक्कड होती.

पिना माझ्या मुठीत होत्या. त्या कधी सोडल्या आठवत नाही.

वर्षभरानं मी नाईक झालो आणि मला ट्रेनिंगच्या कामावर घेतलं. ओबीएमच्या धड्याचं जुनं रजिस्टर माझ्याकडे आलं. उस्तादांच्या अक्षरात. वर धड्याचं नाव, खाली सामानाची यादी: ओबीएम एक, घोडा एक, पक्कड एक, तार दोन मीटर, मोडा एक. ‘मोडा एक’ खोडून ‘मोडे दोन’ केलं होतं. आणि यादीच्या वर, जागा नव्हती तिथं बारीक करून, लाल शाईनं एक ओळ घातली होती. ‘सुरू करण्यापूर्वी मागे कोण उभा आहे ते बघणे. त्याला पुढे घेऊन शेजारी बसवणे.’

माझं नाव कुठंच नव्हतं.

सोळा वर्षांच्या नोकरीनंतर मी फौजेतून सुटलो. गावी जाऊन काय करायचं कळेना. नानांना फोन केला. ते म्हणाले, “बोईसरला कारखाने हायत, तुज्यासारका संशयी मानूस त्यांना पन लागतच असेल.” त्यांच्या ओळखीनं तारापूरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला लागलो. आता पाच वर्षं झाली. घर बोईसरला. हिंगोली अजूनही लांबच आहे. पंप, मोटारी, मिक्सर, दिवसभर सगळं थरथरतं. माझ्या शेडमधल्या प्रत्येक नटावर लाल रेघ आहे. सकाळी मी एक फेरी मारतो. मग दुसरी. लोक हसतात. हसू दे.

जुन्नरला उस्तादांच्या घरी, वहिनींना, महिन्यातून एकदा फोन करतो. त्या विचारतात, जेवता का वेळेवर. उस्ताद गेले त्या तारखेला सुट्टी काढून सातपाटीला जातो. नाना आता बोटीवर जात नाहीत. आम्ही धक्क्यावर बसतो. ते सुनेला तीन कप चहा आणायला सांगतात. तिसरा कप थंड होईपर्यंत आम्ही बसतो, मग नाना तो समुद्रात ओततात.

मागच्या महिन्यात शेडमध्ये नवीन माणसं आली. मी मिक्सरच्या बोल्टना तार बांधून दाखवत होतो. सहा जण समोर. मशीनच्या पलीकडे एक पन्नाशीचा माणूस उभा होता, ओडिशाकडचा, हातात डबा, वाकून बघत होता. मी थांबलो.

“भाई, पीछे नहीं,” मी म्हणालो. “इधर आओ. बाजू में बैठो.”

तो म्हणाला, “मैं यहीं से देख लूँगा, साहब.”

“हमारे उस्ताद का हुकुम है.”

तो आला, बसला. मी पक्कड त्याच्या हातात दिली. त्यानं विचारलं, उस्तादांचं नाव काय?

मी सांगितलं. हवालदार मारुती ढेरंगे.